विटकरी आणि मेहंदी

धम्मदीपाला रंग विसरता येत नाही. हा गुण आहे की व्याधी, हे तिचं तिलाही ठरवता आलेलं नाही. एखाद्या लग्नात कोण कुठली साडी नेसली होती हे बायकांच्या लक्षात राहतंच. धम्मदीपाला त्या साडीखालचा परकर अर्ध्या छटेनं चुकला होता, हेही बारा वर्षांनी आठवतं. ती ते बोलून दाखवत नाही. म्हणून तिला अजून लग्नाची बोलावणी येतात.

भूगावात अण्णासाहेबांच्या मॅचिंग सेंटरमध्ये तिनं अकरा वर्षं काढली. बायका पिशवीतून साडी काढायच्या आणि ही त्यांना ब्लाउजपीस, परकर, फॉल लावून द्यायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आमसुली आणि तपकिरी सख्ख्या बहिणी दिसतात. म्हणून ती साडी आणि कापड दोन्ही घेऊन बाहेर यायची आणि टेम्पोंच्या धुरात, उन्हात, एकावर एक ठेवून बघायची. अण्णासाहेबांचं सांगणं एकच होतं : "कलर बसला पायजे. ब्लाउज येगळा दिसला की आपण मेलो." धम्मदीपाचे कलर बसायचे. काठातला एक धागा पकडून ती असा तुकडा काढायची, की साडी आणि ब्लाउज एकाच ताग्यातून फाडलेत असं वाटावं.

बायकांचे नवरे बाहेर मोटारसायकलवर बसून असायचे. आत आले तर "आवर" म्हणायलाच.

एकदा दुकानात उत्कर्षा आली. पस्तिशीची, घाईत असलेली. चौकातल्या मेडिकलच्या वर दोन खोल्यांत तिचं वेबसाइट बनवायचं ऑफिस. भावाचं लग्न दोन दिवसांवर, ब्लाउजपीस हवा होता आणि साडी घरी राहिली होती. तिनं मोबाइलवर साडीचा फोटो दाखवला.

"फोटोवर जाऊ नका, ताई, तो खोटं बोलतो," धम्मदीपा म्हणाली. "संक्रांतीच्या आधी तुम्ही हीच फॉल लावायला आणली होती ना?" आणि वरच्या फळीवरून तिनं एक तुकडा ओढून दिला. उत्कर्षानं तो जरा अविश्वासानंच नेला. तुकडा साडीला तंतोतंत बसला, आणि चार दिवसांनी ती परत आली, ती वेगळंच विचारायला.

"आमची मुलं वेबसाइट बांधतात चांगली, पण रंग असे लावतात की बघणाऱ्याला ताप यावा. तू येशील?"

"मला कॉम्प्युटर कुठे येतो!"

"एमएससीआयटी?"

"ते काय, सगळ्यांनीच केलंय."

"मग बास. तीन महिने बघू. जमलं तर कायम."

हे जूनच्या शेवटी. अण्णासाहेबांना वाईट वाटलं, पण त्यांनी आदळआपट केली नाही. "दसऱ्यापत्तुर तुझं स्टूल रिकामं ठेवतो," ते म्हणाले. "मंग मात्र दुसरी पोरगी बघंन. शिजनला मला थांबता येत न्हाई." म्हणजे दसऱ्याच्या आत उत्कर्षानं कायम केलं तर बरं; नाहीतर परत त्या स्टुलावर. स्टुलाची तिला लाज नव्हती. पण 'गेली होती कॉम्प्युटरवर, आली परत' हे प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ऐकून घ्यायचं, वर हसायचं, हे तिला नको होतं. आणि खरं म्हणजे तिला ते काम आवडायला लागलं होतं.

ऑफिसात अनिकेत नावाचा मुलगा वेबसाइटची बांधणी करायचा. त्यानं तिला शिकवलं, की कॉम्प्युटरला रंगाचं नाव कळत नाही, त्याला सहा आकडे-अक्षरं द्यावी लागतात. तिनं दोनशे पानी वही घातली. डावीकडे ते सहा आकडे, उजवीकडे तिच्या अक्षरात : अबोली. डाळिंबी. मोरपंखी, जरा धुतलेला. श्रीखंडी. गुलबक्षी, नको. बाकीचं तिचं तिनं लावून घेतलं. वेबसाइटचा मोठा भाग म्हणजे साडीचं अंग, ते शांत पाहिजे. वरची पट्टी म्हणजे काठ. आणि लोकांनी ज्याच्यावर बोट ठेवायचं ते बटण म्हणजे पदर. पदर अंगभर नसतो. अनिकेतनं हे ऐकून मान डोलावली. त्याच्या बायकोचा अजून पत्ता नव्हता, त्यामुळे त्याला काठही माहीत नव्हता नि पदरही.

दंतवैद्याची एक साइट झाली, एका डबेवालीची झाली. मग जयसिंगची आली.

जयसिंगचं शेत पौडच्या पुढं, धरणाच्या अंगाला. शेतात त्यानं सहा कौलारू खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं मुक्कामाला यायची आणि दिवसभर 'कुठली तारीख रिकामी?' विचारायला फोन करायची. त्याला वेबसाइटवर महिन्याचं कॅलेंडर हवं होतं. लोकांनी बघावं, रिकामी तारीख हेरावी आणि मग फोन करावा.

"पर लाल-हिरवा सिग्नल करू नगा, ताई," त्यानं बजावलं. "शेत हाय माझं, चौक न्हाई."

धम्मदीपा शेतावर जाऊन आली. भरलेल्या दिवसाला तिनं कौलांचा विटकरी घेतला, रिकाम्या दिवसाला कुंपणाच्या मेहंदीचा हिरवा. दोन्ही सारखेच मुरलेले, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसणारे; कुठलाही उगाच पुढं येत नव्हता. वर पांढरे आकडे. आठवडाभर ती त्या दोन रंगांना घासत होती. पूर्ण झालं तेव्हा उत्कर्षा खुर्ची मागे सरकवून बघत राहिली. "सुंदर," ती म्हणाली. अनिकेत म्हणाला, "हो, मस्त." तो सगळ्याला मस्तच म्हणायचा.

साइट सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि जयसिंगचा फोन आला. उत्कर्षानं तो स्पीकरवर टाकला.

"अवो, लोकं भरल्याल्या तारखा मागत्यात! काल एकानं तर भांडान केलं. तुमच्या साइटवर रिकामं दाखवतंय म्हणं. त्याला काय गोठ्यात झोपवू?"

"सगळेच असं करतात?"

"सगळे न्हाईत. पंधरा-ईसातला एखादा. पर त्यो एखादा लई बोलतो."

धम्मदीपानं पुढं होऊन विचारलं, "बाया की बाप्ये?"

"बाप्येच की. बाया बराबर तारीख सांगत्यात. का?"

का, ते तिलाही सांगता येईना. अकरा वर्षांची दुकानदारीची सवय होती, गिऱ्हाईक कोण ते आधी विचारायचं.

फोन ठेवल्यावर उत्कर्षा काही कडू बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, असं धम्मदीपाला वाटलं. "कॅलेंडर हेच तर त्यांना हवं होतं," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आत हे सुटू दे. मग मला तुझं ठरवता येईल." दसऱ्याला एकवीस दिवस होते.

त्या रविवारी लवळ्यातल्या घरी तिनं प्रत्येकाच्या नाकासमोर मोबाइल धरला. तिच्या सासूबाई कृष्णाबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "ह्यो इटंचा, ह्यो मेंदीचा. आंधळं बी सांगंल की." बारा वर्षांच्या लेकीनं, किमयानं, वर न बघता, खेळता खेळता सांगितलं. राहिला नवरा, कैलास. तो मोटारसायकल धूत होता.

कैलास टेकडीवरच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सामान बघतो : दोनशे मुलांची भाजी, किराणा, गॅस. शांत माणूस. घरात त्याचं एकच वाईट नाव आहे, की त्याचं कशात लक्ष नसतं. टोमॅटो आणायला सांगावे तर निम्मे कच्चे आणतो. वाळत घातलेल्यातून हिरवा टॉवेल माग, चॉकलेटी देतो.

"छान हाय," मोबाइल बघून तो म्हणाला.

"छान राहू दे. रिकामा दिवस कुठला?"

"हायेत की. भरपूर हायेत."

"एक दाखवा."

त्यानं बोट पँटला पुसलं, आणि चौदा तारखेवर ठेवलं. विटकरी.

कृष्णाबाईंनी सूप खाली ठेवून हसून घेतलं. "आवं, ध्यान कुटं असतंय ह्याचं! त्या दिशी हिरव्या मिरच्या सांगितल्या तर निम्म्या तांबड्या आणल्या ह्यानं."

धम्मदीपाही हसणार होती. चौदा वर्षांत ती याच जागी हसत आली होती. पण बोट ठेवायच्या आधी त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं होतं. किमयाला पाढा येत नसला की ती असंच बघते. उत्तर समोरच्याच्या चेहऱ्यावर लिहिलंय का, ते. लक्ष नसलेला माणूस असं बघत नाही.

तो बादली अडकवून मोटारसायकल घराच्या मागं ढकलत घेऊन गेला, तशी ती मागोमाग गेली.

"अहो, खरं सांगा. दोन्ही सारखेच दिसतात?"

तो मडगार्डवरचा डाग घासत राहिला. "उनात धरलं तर जरासं येगळं दिसतंय."

"कधीपासून हे?"

"कधीपास्नं काय? जल्मापास्नं."

मग त्यानं फडकं पिळलं आणि थोडक्यात सांगितलं. चौथीत चित्रकलेच्या तासाला त्यानं आंब्याचं झाड काढलं आणि पानं चॉकलेटी रंगवली. मास्तरांनी कागद सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवला. आठ दिवस पोरं त्याला 'वाळल्याला आंबा' म्हणत होती. पुढच्या खेपेला असंच काही चुकलं तेव्हा तो म्हणाला, ध्यान न्हवतं. मास्तरांनी एक छडी मारली आणि विषय संपला. "तवाच कळलं," कैलास म्हणाला. "बेध्यानी माणसाला शिव्या घालत्यात आन् सोडून देत्यात. पुढं कोण इचारत न्हाई."

"आणि टोमॅटो?"

"अंगठ्यानं दाबून घेतो. कॅन्टीनात चालतंय. घरी तू नजरंनं बघतीस."

"चौदा वर्षं! मला सांगायचं तरी."

"तुला?" तो पहिल्यांदाच हसला. "तू रंगाची डॉक्टर. तुला काय सांगू, की तू आज कुठली साडी नेसलीयस ते मला कळंना?"

"लग्नातली?"

"ती पांढरी व्हती. म्हणून तर ती बराबर ध्यानात हाय."

विहारात लागलेलं त्यांचं लग्न धम्मदीपाला डोळ्यांपुढं दिसलं. पांढरी साडी, आणि अंगठ्यानं दाबून, जपून बघणारा हा माणूस. तिनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि दुसऱ्या चाकाचं मडगार्ड पुसायला लागली.

संध्याकाळी जेवताना कृष्णाबाईंनी चौदा तारीख परत काढली. कैलासनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"ध्यान असतंय माझं, आई. दिसत न्हाई तेवढं. लाल आन् हिरवं मला येकच दिसतंय."

कृष्णाबाईंचा घास हातात राहिला. "म्हंजे आमच्या कान्हूदादावानी?" त्या म्हणाल्या. कान्हूदादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. "त्यो बी पिकल्यालं करवंद सोडून तांबडं तोडायचा. आमी त्याला येडा म्हणायचो." मग त्यांनी मुलाच्या ताटात न विचारता भात वाढला. त्यांच्याकडून माफी एवढीच मिळते.

"हापिसात माझं नाव काढू नगंस," कैलासनं धम्मदीपाला सांगून ठेवलं.

मग त्या आठवड्यात रोज कामावरून आल्यावर, दिवेलागणीच्या आधी, अंगणात दोघांचा एक नवा उद्योग सुरू झाला. दुकानातून जमवलेल्या कापडाच्या चिंध्यांची तिची एक ट्रंक होती. ती दोन चिंध्या शेजारी ठेवायची, तो म्हणायचा, "दिसतंय." किंवा, "न्हाई दिसत." किमया वहीत खूण करायची. कैलासला निळा लख्ख दिसत होता, पिवळा लख्ख दिसत होता. डाळिंबी आणि बाटली-हिरवा मात्र एकाच ढिगात जात होते. आणि एका गोष्टीत तो तिच्या पुढं होता : दोन कापडांतलं कुठलं जास्त गडद, हे तो क्षणात सांगायचा. रंगाच्या नादात तिला ते चटकन दिसतच नव्हतं. डोळे किलकिले केल्यावर दिसलं.

तेव्हा तिला आपली चूक उमगली. विटकरी आणि मेहंदी तिनं एका वजनाचे घेतले होते. एक तसूभर गडद नाही, एक तसूभर फिका नाही. ब्लाउजसाठी ते कसब होतं. कॅलेंडरसाठी तीच गफलत. ज्याला रंग कळत नाही त्याला निदान गडद-फिकं कळलं असतं, तर तेही तिनं घासून घासून सारखं केलं होतं. अकरा वर्षांत तिनं हजारो बायकांना रंग दाखवले. बाहेर मोटारसायकलवर बसलेल्यांपैकी एकालाही कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी ऑफिसात तिनं मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे रंग बंद केले, सगळं काळं-पांढरं, आणि जयसिंगचं कॅलेंडर उघडून टेबलावर ठेवलं. अख्खा महिना एकच राखाडी पट्टा झाला होता. भरलेला दिवस कुठला, रिकामा कुठला, काही पत्ता नाही.

"पंधरा-वीस पुरुषांतल्या एकाला साधारण असं दिसतं," ती म्हणाली. "अगदी असं नाही, पण आपल्या कॅलेंडरपुरतं असंच."

उत्कर्षानं मोबाइल उचलून घेतला. "म्हणजे तू फार चांगलं मॅच केलंस."

"तेच चुकलं."

"पण तुला कळलं कसं?"

"घरचं एक माणूस आहे."

उत्कर्षानं पुढं विचारलं नाही. पण तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यातून अनिकेत खाकरला. "मला पण आहे तसं," तो कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला.

"तुला? अरे, दोन वर्षं तू इथं वेबसाइट बनवतोयस!"

"आकडे बघून लावतो ना मी रंग. कोणी विचारलं नाही कधी."

"तरीच मेल्या तू सगळ्याला मस्त म्हणतोस!" उत्कर्षा म्हणाली, आणि तिघंही असे हसले की खालचा मेडिकलवाला जिन्यात येऊन वर बघून गेला.

नवं कॅलेंडर करायला तीन दिवस लागले. रिकामे दिवस तिनं श्रीखंडी ठेवले, अगदी फिके, वर गडद आकडे. भरलेले दिवस पिकल्या करवंदासारखे काळपट जांभळे, आकडे पांढरे, आणि प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात 'भरले' असा शब्दही. नुसत्या रंगाच्या भरवशावर काही सोडायचं नाही, हे तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. तिच्या जुन्या डोळ्यांना ते कॅलेंडर जरा भडक वाटत होतं. गडद चौकोन अंगावर येत होते. येऊ देत, ती स्वतःला म्हणाली. पण तीनदा उठून परत बघून आली.

जयसिंग पहिल्यांदा कुरकुरलाच. "ह्ये जांभळं कशापायी? शेतात कुटं हाय जांभळं?"

"बांधावर करवंदाची जाळी आहे ना तुमच्या? तिकडनंच उचललाय रंग."

"आन् मेंदी कुटं गेली?"

"वरच्या पट्टीला ठेवलीय. कौलंही खाली आहेत. फक्त कॅलेंडरमधून काढलीत."

"बरं," तो म्हणाला. "तुमी रंगाच्या बाईसाब. पर फोन आले तर तुमच्याकडं जोडून दीन."

मग वाट बघणं. दसऱ्याला नऊ दिवस राहिले होते. ऑफिसातला फोन वाजला की धम्मदीपाची मान वळायची. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. शनिवार-रविवार तर सगळ्यात गर्दीचे दिवस, तेही कोरडे गेले. मंगळवारी जयसिंगनं आपणहून फोन केला.

"आठवड्यात येकच आला."

"भरलेली तारीख मागणारा?" उत्कर्षानं विचारलं. धम्मदीपानं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"व्हय. पर त्याला म्हाईत व्हतं भरल्यालं हाय ते. बायकुच्या माहेरची हायेत म्हणं तितं त्या दिशी, मलाबी घुसवा. आता त्याला तुमची वेबसाइट काय करंल?"

फोन ठेवून उत्कर्षा म्हणाली, "आधार कार्ड, दोन फोटो आणि बँकेचं पासबुक आण उद्या. आणि पुढं अनिकेत काही बनवेल ते तू काळं-पांढरं करून बघितल्याशिवाय जाणार नाही. हे तुझं काम."

"म्हणजे..."

"म्हणजे कायम. अजून कसं सांगू?"

संध्याकाळी स्कूटी अण्णासाहेबांच्या दुकानासमोर लावून ती आत गेली. फोनवर सांगणं तिला बरं वाटेना. दुकानात सणाची गर्दी होती. तिचं तोंड बघूनच अण्णासाहेब समजले. "जा बाई," ते म्हणाले, "चांगलं झालं." आणि तिच्यादेखत त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचलून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला बसायला दिलं.

घरी सांगितलं तेव्हा किमया ओरडली, कैलास नुसता "हां" म्हणाला, पण कान लाल झाले त्याचे. कृष्णाबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं.

"कायम म्हंजे रोज नऊला जाणार?"

"हो. साडेआठला निघायचं."

"मग सकाळच्या भाकरीचं कसं?" दुकान अकराला उघडायचं, तेव्हा हा प्रश्न नव्हता. "तीन म्हैनं मी रेटलं. आता कायमचं म्हंजे माझं गुडघं न्हाई साथ देणार."

धम्मदीपानं पहाटे पाचला उठायचा हिशोब मनात मांडायला सुरुवात केली होती. घरातल्या आनंदाचा दर तिला माहीत होता. तो साधारण तासभर कमी झोप इतका असतो. पण कैलास मध्येच म्हणाला, "मी टाकीन."

"काय?"

"भाकरी. मला धाला जायचं असतंय. दोनशे पोरांचं बघतो, चार भाकऱ्या व्हत्यात."

"बघतोस. टाकतोस कधी?" कृष्णाबाई म्हणाल्या. "बाप्याच्या हातची भाकरी खायची येळ आली म्हण की."

"खाऊन तर बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परातीसमोर बसला. पहिली भाकरी थापतानाच कडेला चिरली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, तिचा एक कोपरा कच्चा राहिला. तिसरी फुगली, मोठी नाही, पण फुगली. धम्मदीपा दारात उभी राहून वेणी घालत होती. मध्ये पडायचं नाही असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. ते निभवायला तिला फार कष्ट पडत होते, म्हणून तिनं वेणी दोनदा घातली.

कृष्णाबाईंनी तिसरी भाकरी उलटीपालटी करून बघितली, तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि चावत राहिल्या. तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"जाड झालीय," त्या म्हणाल्या. मग ताट जरा पुढं सरकवलं. "आर्धी आनिक दे."

आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. धम्मदीपानं दुमडलेली भाकरी स्वतःच्या डब्यात भरली, वही पिशवीत टाकली आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागली.